चीजचे नखरे

भांड्यांना माणसांइतकीच मतं होती, त्या काळची गोष्ट. एका स्वयंपाकघरात चीजची वडी नवीच आली. बर्गरवर ओतायला सॉस हवा होता. कढईत लोण्यावर मैदा परतून त्यात दूध मिसळून झालं होतं.

"ये सूनबाई, लाजू नकोस," म्हणत कढईने दूध खळखळत असतानाच अर्धी वडी आत ओढली. तिची चिवट गुठळी झाली, कडेने तेल सुटलं आणि सगळा सॉस मोरीत गेला.

"हट्टी आहे हो," पळी म्हणाली. "इथे तूरडाळसुद्धा मुकाट शिजते. हिलाच काय झालं?"

आता उरलेल्या अर्ध्या वडीचीही तीच गत होणार होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी येते. फक्त मला किसून घ्या, आच बंद करा आणि थोडं थोडं घाला."

"आच बंद करून स्वयंपाक? हे कुठलं माहेरचं वळण!" कढई फणकारली.

"अहो, आम्ही वाळून चाललो!" बर्गरचे पाव ओरडले.

घरात दुसरं चीज नव्हतं. नाइलाजाने कढईने पुन्हा मैदा, दूध घेतलं आणि तोंड वाकडं करून आच बंद होऊ दिली. कीस चिमूटचिमूट पडत गेला. सॉस सायीसारखा मऊ झाला.

"कसं जमवलंत, कढईबाई?" पावांनी विचारलं.

"नव्या मंडळींना शिकवावं लागतं हो," कढई म्हणाली. "पहिल्यांदा नुसती गुठळी होऊन बसली होती."

इतकी छान मिसळल्यावर खरं काय ते सांगायला वडीचं वेगळं तोंड कुठे उरलं होतं?