उलाळ

बैल आणि होड्या एकमेकांशी बोलत, त्या काळी एक शिडाची होडी बैलगाडीवरून घाटमाथ्याच्या तळ्याकडे निघाली होती.

"माझा नांगर मागे ठेवा," ती म्हणाली. "पुढचं टोक जड झालं की आम्ही बुडतो."

"बाई, ही गाडी आहे," गाडीवान सटवा म्हणाला. "मागे भार पडून उलाळ झाली, तर जू वर उचललं जाऊन बैलांना फास बसेल."

"होडी कशी भरायची ते मला शिकवू नका!"

सटवाने नांगर मागे ठेवला.

चढावर धुकं दाटलं. गाडी दरीकडे झुलू लागली. होडी हरखली, "लाटा आल्या!"

"लाटा कसल्या?" पवळ्या बैल घुसमटत म्हणाला. "मागून कुणीतरी ओढतंय."

होडीने मागे पाहिलं. कुणीच नव्हतं. फक्त तिचा नांगर दरीवर लोंबकळत हळूहळू हलत होता.

"तू ओढतोयस?"

"मला ठेवलंय तिथेच मी आहे," नांगर म्हणाला. "ओढतेयस तू."

पवळ्याचे डोळे पांढरे झाले.

"सटवादादा, नांगर पुढे घ्या!" होडी ओरडली. "मी बुडाले तर बुडाले!"

सटवाने चाकांना दगड लावले आणि नांगर पुढे ओढला. जू खाली आलं. पवळ्याने श्वास घेतला.

गाडी सरळ चालली. तळं येईपर्यंत होडी मागे बघायला धजली नाही.