वामनराव खवल्यांची गंभीर कादंबरी

एक होतं जंगल. तिथे दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची आणि दर पाच वर्षांनी गवाच राजा व्हायचा, कारण मोजणी होईपर्यंत मतपेटीवर तोच बसलेला असायचा.

त्या जंगलात वामनराव खवले नावाचं एक खवलेमांजर राहायचं. वामनराव विनोदी कादंबऱ्या लिहायचे. स्वभाव भित्रा. कुणी जोरात शिंकलं तरी अंगाचं वेटोळं करायचे. लिहिताना मात्र भीती विसरायचे. त्यांच्या पहिल्याच कादंबरीतला राजा खड्ड्यात पडतो आणि वर यायच्या आधी खड्ड्याचं उद्घाटन करून घेतो. माकडांनी तिची पारायणं केली.

पुढे एका उन्हाळ्यात पाणी आटलं. एकच डोह उरला आणि त्यात गवेमहाराज सहकुटुंब डुंबत बसले. वामनरावांनी चिडून नवी कादंबरी लिहिली. तीत राजा तहानेवरच बंदी घालतो.

आठवड्याभरात सरकारी प्रवक्ता भेकर दारात हजर. वामनरावांनी वेटोळं केलं.

"उलगडा हो, वामनराव! अभिनंदन करायला आलोय. महाराजांना योजना फार आवडली."

"अहो, ती योजना नाही, थट्टा आहे!"

"असू दे. आमच्याकडे दुसरी नाहीच."

झाडाझाडांवर फलक लागले : 'तहान ही अफवा आहे. घसा कोरडा, जंगल पुढे!' जीभ बाहेर काढणं म्हणजे अफवा पसरवणं ठरलं. शेजारचा धोंडू ससा उन्हात धापा टाकताना सापडला, त्याला काटेरी कुंपणात डांबलं.

वामनराव हादरले. आता इतकं अचाट लिहायचं, की सरकारला जमूच नये, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या कादंबरीत त्यांनी मृगजळाला तलावाचा दर्जा देऊन टाकला. लगेच मृगजळाकाठी घाट बांधला गेला. पोहण्याच्या शर्यती झाल्या. महाराजांचे मेहुणे पहिले आले.

धोंडूची बायको गोदा वामनरावांकडे आली. तिचे ओठ फुटले होते.

"भावोजी, हात जोडते, आता विनोद नका करू. हे अजून आतच आहेत."

वामनरावांना त्या दिवशी मुंग्या गोड लागेनात. त्यांनी आयुष्यातली पहिली गंभीर कादंबरी लिहायला घेतली. तीत एकही कोटी नव्हती. राजाला प्रजेची तहान दिसते. तो म्हणतो, "माझं चुकलं." डोहातून उठतो, पाणी सगळ्यांना खुलं करतो, कुंपणातल्यांना सोडतो. एवढंच.

भेकरानं ती भर दरबारात वाचली. 'माझं चुकलं' या वाक्याशी दरबारात हशा फुटला. कोल्हे जमिनीवर लोळले. महाराज इतके हसले, की डोहातलं निम्मं पाणी काठावर सांडलं.

"चूक कबूल करणारा राजा!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "वामनराव, सुचतं तरी कसं हो तुम्हाला?"

"महाराज, ही गंभीर आहे," वामनराव म्हणाले. त्यावर दरबार पुन्हा लोळला.

गर्दीत एकटी गोदा हसली नाही. तिनं विचारलं, "भावोजी, हे कधीपासून लागू?"

भेकरानं घसा खाकरला आणि अधिकृत खुलासा केला : "वामनरावांच्या सर्व विनोदी कादंबऱ्या सरकारनं अमलात आणल्या आहेत. ही मात्र केवळ मनोरंजनासाठी असून तिचा वास्तवाशी काडीचाही संबंध नाही."