बारीक आवाजाची ओवी

कॅसेटी नुकत्याच माळ्यावर गेल्या होत्या आणि गाणी कॉम्प्युटरात राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. खरवंडीकरांच्या कॉम्प्युटरात एक ओवी राहायची. अंबूआत्यांनी शेंगा सोलता सोलता ती म्हटली होती आणि कुणीतरी टेप करून ठेवली होती. आत्या गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज घरात उरला होता, तोही अगदी बारीक.

शेजारचं वरातीचं गाणं तिला चिडवायचं, "तू वाजतेस, की नुसता श्वास घेतेस?" ओवी मनातल्या मनात झुरायची.

एक दिवस आत्यांच्या भाच्याने, सुहासने, सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करून टाकला. ओवी वरातीच्या बरोबरीने खणखणीत वाजू लागली. तिला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी तिची पाळी आली. सुहास फोनवर बोलत राहिला, आत कुणीतरी कांदा चिरत राहिलं, डोक्यावर पंखा घरघरत राहिला. ओवी सगळ्यांना ऐकू आली आणि संपली.

"आता काय कमी आहे तुला?" वरातीच्या गाण्याने विचारलं.

ओवी म्हणाली, "पूर्वी मी लागले की कुणीतरी उठून पंखा बंद करायचं."