द्वारकाबाईंचं एक मिनिट

पिंपळदरीच्या आठवडी बाजारात द्वारकाबाई शिंगणे भाजी विकायच्या. बाजारात बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून त्या आणि त्यांच्या मैत्रिणी दिवसभर पाणी पिणंही टाळत. महिला दिनाला नगरपालिकेने सभा ठेवली, तेव्हा हे गाऱ्हाणं मांडायला सगळ्याजणींनी त्यांनाच पुढे केलं.

व्यासपीठावर तिघे पुरुष होते आणि विषय होता स्त्रीवाद. वकीलसाहेब म्हणाले, त्याने घरं मोडतात. प्राचार्य म्हणाले, स्त्री ही देवी आहे, तिची पूजा करणं हाच खरा स्त्रीवाद. शेवटी नगराध्यक्ष मोहोळकर अर्धा तास बोलले. मग घड्याळ बघत म्हणाले, "द्वारकाबाई, तुम्हाला एक मिनिट देतो. एवढंच सांगा, बायकांना नेमकं हवंय तरी काय?"

सभागृहात हशा पिकला. द्वारकाबाईंनी माईक घट्ट धरला.

"तुम्हाला मिळाला तेवढा वेळ, साहेब. मिनिटभर कमी नको आणि जास्तही नको."

हशा थांबला. मागच्या रांगेत एक टाळी वाजली आणि मग बायकांनी सभागृह दणाणून सोडलं. मोहोळकर ओशाळले. जरा वेळाने स्वतःच हसले आणि म्हणाले, "बोला बाई. अर्धा तास तुमचा."

दहा मिनिटांत द्वारकाबाईंचं गाऱ्हाणं सांगून झालं. उरलेला वेळ त्यांनी मैत्रिणींना दिला. जन्मात कधी माईक न धरलेल्या चौघी त्या दिवशी बोलल्या, आणि संडासाचा ठराव त्याच सभेत मंजूर झाला.