सगुणेच्या दुर्बिणीतला डोळा

राज्य कोणत्या राजाचं होतं ते आता कुणाला आठवत नाही, पण फार फार वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात सगुणा नावाची विणकरीण राहत होती. तिचा भाऊ खलाशी होता. एका फेरीहून येताना त्याने तिच्यासाठी दुर्बीण आणली, पण ती कशी वापरायची हे सांगायचं राहूनच गेलं आणि तो पुन्हा समुद्रावर गेला.

थंडीचे दिवस होते. दिवेलागणीनंतर सगुणेने दुर्बीण अंगणात मांडली आणि सगळ्यांत तेजस्वी तारा, व्याध, शोधून त्यावर रोखली. आत पाहिलं आणि ती दचकून मागे सरली. तिथे तारा नव्हताच. एक फिकट, गोल डोळा होता. मधोमध काळी बाहुली होती, आणि कडा उकळत्या पाण्यासारख्या हलत होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी, नीट दिसावं म्हणून तिने दुर्बिणीची चाकी थोडी पुढे फिरवली. डोळा मोठा झाला. पुढच्या संध्याकाळी आणखी फिरवली, तर तो आणखी मोठा झाला.

"तो जवळ येतोय," ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीने पाहिलं, मग पाटलांनी पाहिलं.

"पण नुसत्या डोळ्यांना तर तारा होता तेवढाच दिसतोय," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"दुरून येणारं संकट नुसत्या डोळ्यांना दिसत नसतं," पाटील म्हणाले.

सूर्य कलला की दारं लागू लागली. धूर दिसला तर त्याला आपण सापडू, म्हणून लोक संध्याकाळच्या चुली पेटवेनासे झाले. मुलं थंड भाकरी खाऊन गोधडीत शिरत. शेवटी दोन दिवसांनी घाट ओलांडून गाव सोडायचं ठरलं. कुंभार तर तेवढंही थांबला नाही. म्हाताऱ्या आईला डोलीत घालून तो गारठ्यातच निघाला. सगुणेच्या दारावरून जाताना म्हातारीने विचारलं, "सगुणे, तो अजून बघतोय का गं?"

सगुणा आत गेली आणि दुर्बीण फडक्यात गुंडाळू लागली.

पलीकडच्या टेकडीवर काही माणसं आपापली कामं आटोपून तारे बघायला जमत. सुईण येसूआजी त्यांत होती, एक तेली होता, देवळातला गुरव होता. सगळी हौशी माणसं. सगुणा त्यांना ओळखत होती. पण एवढी मोलाची वस्तू घरात आहे आणि वापरता येत नाही, हे सांगायची तिला लाज वाटत आली होती. त्या दिवशी मात्र तिन्हीसांजेला ती दुर्बीण पाठीशी बांधून टेकडी चढली. मान वर करायचं धाडस नव्हतं, म्हणून पायाखालची वाट बघत चढली.

येसूआजीने सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. दुर्बीण सपाट खडकावर मांडायला लावून म्हणाली, "आता चाकी उलटी फिरव."

"तुम्हीच फिरवा, आजी. मला भीती वाटते."

"दुर्बीण तुझी आहे. मी फिरवली तर उद्या पुन्हा भिशील."

सगुणेने चाकी उलटी फिरवली. डोळा बारीक होऊ लागला. तिला वाटलं, आपल्याला निरखण्यासाठीच तो बारीक होतोय. तिचा हात थांबला.

"थांबू नकोस," आजी म्हणाली आणि तिने सगुणेच्या पाठीवर हात ठेवला.

डोळा बोराएवढा झाला, मग मोहरीएवढा. बाहुली नाहीशी झाली. एक लखलखीत ठिपका तेवढा उरला.

"आणि ती काळी बाहुली?"

"नळीत लहान आरसा आहे ना, त्याची सावली. तारा जिथे होता तिथेच आहे. तू चाकी चुकीच्या बाजूला फिरवत होतीस, म्हणून तो पसरून मोठा दिसत होता, एवढंच."

सगुणा धावत गावात आली. प्रत्येकाच्या हातात तिने चाकी दिली. पाटलांनीही डोळ्याचा तारा होताना पाहिला. गाव थांबलं. चुली पेटल्या. कुंभाराला परत आणायला माणसं घाटात धावली. तो परत आला, पण डोली रिकामी होती. म्हातारीने गारठ्यात वाटेवरच प्राण सोडला होता.

पुढे सगुणा टेकडीवरच्या माणसांतलीच एक झाली. दुर्बिणीत काही नवं दिसलं, की गावात बोलण्याआधी ती तिथे विचारून येई.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याला जे कळत नाही ते जाणत्याला विचारायची लाज बाळगली, तर त्या लाजेची झळ दुसऱ्यालाही लागते.