ढोबळेसाहेबांची उघडी नोंदवही

आमच्या दूध संघात जनावरांच्या लसींची नोंदवही संगणकात गेली आणि ती सगळ्यांनी मिळून वापरायचं ठरलं. पण दसऱ्यापासून कारकून इंदूताई नोंद करायला बसल्या, की स्क्रीनवर एकच रड, "फाइल दुसऱ्याने उघडली आहे." नोंदी तुंबल्या.

"बाईंनीच घोळ घातलाय!" ढोबळेसाहेब गरजले आणि इंदूताईंच्या बदलीचा कागदच घेऊन आले. ताईंचे डोळे भरले. घरी तान्हं लेकरू, बदली शंभर कोस लांब.

मी पडलो शिपाई. संगणक पुसण्यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. तरी म्हटलं, "साहेब, नावाची जागा कोरी ठेवा. एकेक संगणक बंद करू. ज्याचा बंद केल्यावर नोंद होईल, त्याचं नाव लिहा."

"वा भिकाजी, तुलाही डोकं आहे की!" साहेबांनी ताईंचं नाव खोडून खाली झोकात सही ठोकली.

ताईंचा संगणक बंद केला. कोपऱ्यातल्या मुख्य यंत्रावर नोंद होईना. मग शेजारच्या टेबलावरच्या जांभळ्यांचा, मग बाकी सगळ्यांचे बंद केले. तरी होईना.

"आता रे?"

"आता तुमचाच राहिला, साहेब. दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडलेली नोंदवही मिटायची नाही, म्हणून तुम्ही रोज नुसती स्क्रीन बंद करून घरी जाता. पुसताना बघतो ना मी! बोला, आधी बटण दाबू, की आधी कागद फाडता?"

साहेबांनी कागदाचे इतके बारीक तुकडे केले, की केर काढताना मला हसू आवरेना. तोवर मी साहेबांचा संगणक बंद केला आणि इंदूताईंनी मुख्य यंत्रावर तीस म्हशींच्या लसींची नोंद केलीसुद्धा.