तिसऱ्या मजल्यावरचा सत्कार

नव्या कोळगावातली निवृत्तांची वसाहत नगरसेवक विश्वासराव मोहित्यांच्या विरोधातली. मतदान केंद्र असलेल्या शाळेचे अध्यक्षही तेच, म्हणून मतदानासाठी त्यांनी तळमजल्यावरचं सभागृह कुलपात ठेवून तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या दिल्या. निम्मे म्हातारे गुडघे चोळत घरीच बसत. निवृत्त परिचारिका मंदाताई टिपणीस तक्रार घेऊन गेल्या, तर साहेब हसले. "लोकशाहीसाठी चार पायऱ्या जड झाल्या होय?"

मंदाताई वाद न घालता परतल्या आणि त्यांनी साहेबांच्या साठीचा सत्कार ठरवला, त्याच तिसऱ्या मजल्यावर. सत्कार म्हटल्यावर साहेब खुलले. पण त्या दिवशी पहिल्याच मजल्यावर धापा टाकत ते कठड्याला टेकले.

"बाई, हार खालीच आणा ना!"

"आणते की!" मंदाताई वरून म्हणाल्या. "तुमच्यासाठी हार खाली येतो, मग आमच्यासाठी मतदान केंद्रही खाली येऊ द्या!"

जिनाभर हशा पिकला. सत्काराला आलेल्या पत्रकारांसमोर साहेबांना नाही म्हणवेना. सभागृहाची किल्ली तिथेच मंदाताईंच्या हाती आली.

मतदानाला वसाहतीची रांग फाटकाबाहेर गेली. नव्वदीच्या दुर्गाआजी तर शाईचं बोट नाचवत, भेटेल त्याला पेढा भरवत घरी गेल्या.